कॅरी : एका नावाची व एका आयुष्याची हकीकत

नांदेड व लातूरकडील खेड्यांत बाळाच्या नावाचा विचार घरात फार दिवस चालतो. आजीच्या मनात एक नाव असते, आत्या दुसरे सुचविते, आणि बाप्तिस्म्याचा रविवार जवळ आला म्हणजे बाप कोठून तरी तिसरेच नाव घेऊन येतो. अशाच एका घरची अडचण उदगीरकडील एका उपदेशक बंधूंनी आमच्यापुढे ठेविली. त्या घरी बाळ जन्मावयाचे होते. बापाने शब्बाथ शाळेच्या एका जुन्या पुस्तकात कॅरी हे नाव वाचले होते, आणि मुलगा होवो की मुलगी, हेच नाव ठेवावयाचे असा त्याने निश्चय केला होता. आजीने ते ऐकले आणि तिला कैरीच ऐकू आली. लेकराला आंबट फळाच्या नावाने हाक मारावयाची काय, असे म्हणून ती रुसून बसली. शेजारी विचारू लागले की, हे नाव मुलाचे की मुलीचे, आणि त्याचा अर्थ तरी काय? आमच्या बंधूंस यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना.

ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या नावाचा अर्थ आईबापांस ठाऊक नाही ते नाव लेकराने जन्मभर वाहावे, हे बरे नव्हे. शिवाय या रुसव्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याने आपल्या वाडवडिलांच्या तोंडची नावे सोडून परदेशची नावे घेतलीच पाहिजेत काय? म्हणून आम्ही प्रथम या नावाचा अर्थ व उगम सांगतो, आणि नंतर ज्या मनुष्यामुळे ते आपल्या कानी आले त्याचे चरित्र थोडक्यात देतो. त्या आजीबाईंच्या रुसव्याला त्या मनुष्याने दोनशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेविले आहे, हे वाचकांस पुढे आढळेल.

कॅरी हे मूळचे आडनाव. त्याचा उगम एकाच ठिकाणी झालेला नाही. जसे निरनिराळे ओढे एका नदीस मिळावे तसे ते झाले आहे. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात कॅरी नावाची एक लहान नदी आहे व तिच्या नावाची गावेही आहेत. आपल्याकडे जसे नांदेडकर किंवा उदगीरकर म्हणतात, तसेच तेथील लोकांस गावावरून हे आडनाव पडले. वेल्स देशात कॅर्यू नावाचे किल्ल्याचे एक गाव आहे. ते नाव तेथील भाषेतील किल्ला या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, आणि त्यावरून निघालेले आडनावही उच्चारात झिजून पुष्कळ ठिकाणी कॅरी झाले. आयर्लंड देशात काळा किंवा सावळा या अर्थाच्या जुन्या शब्दावरून एका कुळाचे नाव पडले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी त्याचेही कॅरी करून टाकले. म्हणजे नदीकाठचा, गढीवरचा आणि सावळा, असे तीन अर्थ या एका नावात येऊन मिळाले आहेत. गोदेच्या व मांजरेच्या काठी, गढ्यांच्या गावांत वाढणाऱ्या आपल्या सावळ्या लेकरांस यांतील कोणताही अर्थ परका वाटण्याचे कारण नाही.

आडनाव पाळण्यात कसे आले, असे कोणी विचारील. इंग्रज लोकांत अशी चाल आहे की, आईच्या माहेरचे अथवा एखाद्या आदरणीय पुरुषाचे आडनाव घेऊन तेच बाळाचे पहिले नाव करावयाचे. प्रथम अशी नावे बहुधा मुलांसच देत. मग हळूहळू ती मुलींसही देऊ लागले. शर्ली या नावाची गोष्ट अशीच आहे. ते आधी गावाचे नाव, मग आडनाव. पुढे शार्लट ब्राँटे या लेखिकेने १८४९ साली एका कादंबरीच्या नायिकेस ते दिले, आणि तेव्हापासून ते मुलींचेच होऊन बसले. कॅरी हे नाव मात्र मुलगा व मुलगी या दोघांसही देतात, आणि ते फारसे कोणी ठेवीत नाही. आपल्या भाषेत किरण, सुमन, शशी ही नावे दोघांसही चालतात, त्यात आपणांस काही चमत्कारिक वाटत नाही. नांदेड शहरी, जेथे गुरु गोविंदसिंग यांनी १७०८ साली देह ठेविला, तेथे शीख कुटुंबांत भावाचे व बहिणीचे पहिले नाव पुष्कळदा एकच असू शकते. मागे सिंग आला म्हणजे पुरुष आणि कौर आले म्हणजे स्त्री, इतकाच भेद. आपल्या मराठीत तर एवढ्याचीही गरज नाही. कॅरी आला म्हटले की मुलगा समजावा, कॅरी आली म्हटले की मुलगी. नाव एकच राहते आणि क्रियापद त्याचे लिंग सांगून टाकते. या लिंगविचाराशी या नावाचा सर्वांत प्रसिद्ध मनुष्य स्वतः झगडला होता. त्याची हकीकत आता ऐकावी.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. बाप एडमंड मागावर कापड विणीत असे. पुढे विल्यम सहा वर्षांचा असता त्यास गावच्या शाळेचे काम मिळाले. पाच भावंडांत विल्यम सर्वांत वडील. रानातील रोपे, किडे, पाखरे गोळा करून आपल्या खोलीत ठेवावी, हा त्याचा लहानपणचा छंद. ऊन मात्र त्याच्या कातडीस सोसत नसे. शेतात काम केले की अंगावर व्याधी उठे. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापाने त्यास जवळच्या पिडिंग्टन गावी एका जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली ठेविले. ज्या मुलास इंग्लंडचे ऊन सोसवेना, त्याने पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे काढिली.

आरी व दोरा हाती असतानाच त्याचे शिक्षण झाले. मालकाच्या घरी शास्त्रावरील एका टीकेत त्यास ग्रीक अक्षरे दिसली. ती त्याने उतरून घेतली आणि जाणत्याकडून त्यांचा अर्थ करून घेतला. याच रीतीने लॅटिन, ग्रीक, इब्री, डच व फ्रेंच या भाषा तो शिकला. त्याच दुकानात काम करणाऱ्या एका सोबत्याच्या संगतीने त्याची धर्मबुद्धी जागी झाली. १७८१ साली डॉरथी प्लॅकेट या तरुणीशी त्याचे लग्न लागले. तिला लिहिता येत नसल्यामुळे तिने नोंदवहीत सहीऐवजी फुली केली. १७८३ साली नेन नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. १७८५ पासून मोल्टन गावी तो शाळा चालवी, मंडळीस उपदेश करी आणि पोटासाठी जोडेही शिवी. भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा त्याने स्वतः जोडून लाविला होता. निरनिराळ्या देशांतील लोकसंख्या व धर्म यांविषयी जे वाचावयास मिळे ते तो त्यावर टिपून ठेवी. १७९२ साली त्याने आपले विचार एका लहान पुस्तकात छापिले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी एका घरच्या लहानशा खोलीत काही पाळक जमून मिशनरी मंडळ स्थापन झाले. त्या दिवशी वर्गणीचा आकडा १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स इतका झाला. एवढ्या भांडवलावर हिंदुस्थानचे काम उभे राहावयाचे होते.

येथे आम्हांस एक गोष्ट झाकून ठेवावयाची नाही. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांच्या घरातील रडणे पुष्कळदा गाळले जाते. डॉरथीबाईंस हिंदुस्थानात येणे नको होते. त्यांच्या पदरी लहान मुले होती, त्यांत एक अगदी तान्हे. आपल्या परगण्याबाहेरची दुनिया त्यांनी पाहिली नव्हती. प्रथम त्यांनी साफ नकार दिला आणि कॅरी वडील मुलगा फेलिक्स यास घेऊन एकटेच निघाले. परंतु प्रवासास अडथळा येऊन काही दिवस खोळंबा झाला, तेव्हा त्यांची पुन्हा विनवणी झाली, आणि बहीण सोबत येत असेल तर येते असे त्यांनी कबूल केले. कंपनी सरकारच्या परवान्याशिवाय मिशनऱ्यांस येथे येऊ देत नसत, म्हणून १३ जून १७९३ रोजी ही सर्व मंडळी डेन लोकांच्या जहाजातून निघाली व पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, कलकत्त्यास उतरली.

पहिली वर्षे फार हालाची गेली. पैसा संपला, बिऱ्हाडे बदलावी लागली, घरात आजार शिरला. १७९४ साली माळदा भागात मदनाबती येथे निळीच्या कारखान्यावर कॅरी यांस नोकरी मिळाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने वारला. परक्या जातीच्या प्रेतास हात लावावयास कोणी पुढे येईना. अखेर काही मुसलमान गृहस्थांनी खड्डा खणला. लेकराच्या दुःखाने डॉरथीबाईंच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हा कधी सावरला नाही. सुमारे बारा वर्षे त्या भ्रमिष्ट अवस्थेत जगल्या. पुष्कळदा त्यांस खोलीत बंद ठेवावे लागे, आणि शेजारच्या खोलीत त्यांचा आक्रोश ऐकत कॅरी भाषांतराचे कागद लिहीत बसत. दूर वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे, असे लोक सुचवीत. ते त्यांनी मानिले नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या वारल्या. कॅरी यांनी त्यांस सोबत आणण्याचा आग्रह धरिला तो योग्य होता काय, याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु त्या कामाची किंमत एकट्या कॅरी यांनी भरली नाही. जिला आपले नावही लिहिता येत नव्हते अशा एका बाईने तिचा मोठा हिस्सा भरला. या घराण्याचे नाव आपल्या मुलीस देणाऱ्यांनी हे विसरू नये.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी श्रीरामपुरास आले. हे महाराष्ट्रातील श्रीरामपूर नव्हे. हे बंगालातील गाव तेव्हा डेन लोकांच्या ताब्यात होते, म्हणून तेथे कंपनीची आडकाठी नव्हती. मार्शमन व वॉर्ड हे दोघे सोबती तेथे मिळाले. तिघांनी एकत्र कुटुंब करून राहावे, मिळकत एका पेटीत टाकावी, असा नियम केला. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी यांस प्रथम दरमहा ५०० व नंतर १,००० रुपये पगार मिळू लागला, तेव्हाही खर्चापुरते ठेवून बाकी सर्व ते या पेटीतच टाकीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. त्याचा हात निखळला होता, तो मिशनच्या वैद्यांनी बसविला, आणि त्या ओळखीतून तो विश्वासात आला. त्याच वेळी कॅरी यांचा मुलगा फेलिक्स यानेही बाप्तिस्मा घेतला. एकाच पाण्यात साहेबाचा मुलगा आणि बंगाली सुतार. पुढे १८०३ साली एका ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाचे लग्न याच कृष्ण पालाच्या मुलीशी लागले. जातीच्या भिंती कोठवर उंच असतात हे आपल्या खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. ती एक भिंत त्या दिवशी बंगालात पडली.

आता आमच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. कृष्ण पाल ख्रिस्ती झाला, त्याचे नाव काय ठेवावे? कृष्ण हे तर हिंदु देवाचे नाव. पीटर करावे की पॉल? श्रीरामपूरच्या तिघा सोबत्यांनी शास्त्र उघडून पाहिले, आणि त्यांस जे आढळले ते प्रत्येक उपदेशकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. प्रेषितांच्या वेळी मूर्तिपूजकांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांची नावे नव्या करारात जशीच्या तशी आहेत. अपुल्लोस या नावात ग्रीक लोकांचा अपोलो देव आहे. एपफ्रदीत या नावात त्यांची अफ्रोदीती देवी आहे. हर्मेस हे तर उघड उघड देवाचेच नाव. फिबी हे चंद्रदेवतेचे बिरूद, आणि फर्तूनात म्हणजे दैववान. यांतील एकाचेही नाव पौलाने बदलिले नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात त्याने एकेकाचे नाव घेऊन सलाम सांगितला आहे. त्याच यादीत यूनिया हे नाव आहे, आणि ती स्त्री की तो पुरुष, यावर विद्वानांचा वाद पुष्कळ काळ चालला. म्हणजे नाव मुलाचे की मुलीचे हा उदगीरकडील शेजाऱ्यांचा प्रश्न शास्त्राच्या अभ्यासकांसही नवा नाही, आणि त्यामुळे यूनियाच्या सेवेस काही उणेपणा आलेला नाही.

हे पाहून त्या तिघांनी ठरविले की, बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदलण्याची गरज नाही. कृष्ण पाल शेवटपर्यंत कृष्ण पालच राहिला, आणि त्याच नावाने त्याने आपल्या लोकांत वर्षानुवर्षे सुवार्ता सांगितली. कॅरी यांच्या स्वतःच्या घरीही असेच होते. वडील मुलाचे नाव फेलिक्स, म्हणजे सुखी. आणि ज्याच्या पुढे पौलास बेड्यांत उभे राहावे लागले त्या रोमी सुभेदाराचेही तेच नाव होते. नावाने मनुष्य अपवित्र होत नाही आणि नावाने तो पवित्रही होत नाही, ही गोष्ट कॅरी यांस पक्की समजली होती.

आपल्या मराठी भाषेवर या मनुष्याचे उपकार आहेत, तेही सांगितले पाहिजेत. कॅरी महाराष्ट्रात कधीच आले नाहीत. नांदेड व लातूर हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि येथे काय बोलतात हे त्यांनी कलकत्त्यास बसून शिकले. कॉलेजात बंगाली व संस्कृत यांच्या जोडीस त्यांच्याकडे मराठीही आली होती. नागपूरकडील वैजनाथ पंडित हे त्यांचे गुरु व मदतनीस. त्यांच्या साहाय्याने कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले. रोम शहरी १७७८ साली पोर्तुगीज भाषेतून मराठीचे एक व्याकरण छापिले होते. इंग्रजीतून छापलेले पहिले ते कॅरी यांचेच. इंग्रजीत निर्जीव वस्तूस लिंग नसल्यासारखेच, आणि मराठीत तर भाकरी ती, दगड तो आणि झाड ते. हा भेद साहेबलोकांस समजावून देता देता त्यांस किती कष्ट पडले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. १८१० साली त्यांचा मराठी शब्दकोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत, कारण पाटील, कुळकर्णी व सावकार जे लिहीत ते मोडीच. त्यासाठी मोडीचे खिळे श्रीरामपुरात पाडून घेतले होते. १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापला गेला. पुढे जुना करारही झाला. वैजनाथ पंडितांनी केलेली सिंहासन बत्तिशी १८१४ साली आणि हितोपदेश १८१५ साली त्याच छापखान्यातून निघाले. मराठीत छापील पुस्तक ही वस्तूच तेव्हा नवी होती.

त्या भाषांतरात दोष नव्हते असे नाही. नागपूरकडील वळणाचे शब्द कोकणातील लोकांस समजेनात. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नवे भाषांतर हाती घेतले, आणि १८२६ साली त्यांचा नवा करार निघाला. पण शेत पहिल्याने नांगरणाऱ्याचे तास वाकडे गेले, म्हणून त्याने नांगरलेच नाही असे कोणी म्हणत नाही. आपल्या देगलूर, बिलोली व उदगीरच्या सरहद्दीवर ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कानडी बोलतात, त्यांसही सांगावेसे वाटते की, कॅरी यांनी तेलुगूचे व्याकरण १८१४ साली व कानडीचे १८१७ साली छापिले.

यांतील तेलुगू व्याकरण त्यांस दुसऱ्यांदा लिहावे लागले, त्याचे कारण दुःखाचे आहे. ११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्यास आग लागली. कागदाचे गठ्ठे, नाना भाषांचे खिळे, आणि कित्येक वर्षे खपून तयार केलेली हस्तलिखिते जळून गेली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ती राख पाहिली. छपाईची यंत्रे आणि खिळे पाडण्याचे पोलादी ठसे मात्र वाचले होते. वितळलेले शिसे उकरून त्याचेच नवे खिळे ओतण्यास सुरुवात झाली, आणि कॅरी पहिल्या पानापासून पुन्हा लिहावयास बसले. आपल्याकडे बुद्धीची चमक नाही, नेटाने पावलापुढे पाऊल टाकीत राहणे एवढेच आपणांस येते, असे ते स्वतःविषयी म्हणत. खळ्यातील धान्य जळाल्यावर पुढच्या मृगास पुन्हा तिफण जुंपणारा शेतकरी हा गुण ओळखील.

या सर्व काळात इंग्लंडातील एका खाटेवर त्यांची बहीण मेरी कॅरी पडून होती. घरी तिला पॉली म्हणत. पक्षघाताने ती सुमारे पन्नास वर्षे अंथरुणास खिळलेली होती, आणि त्यांतील पुष्कळ वर्षे तिला नीट बोलताही येत नसे. तरी कसाबसा हात चालवून ती भावास पत्रे लिही, आणि त्याच्या कामासाठी नित्य प्रार्थना करी. बंगालातून भाऊ आपल्या अडचणी तिला कळवी. कॅरी यांच्या लहानपणच्या गोष्टी, त्यांची ती किड्यापाखरांनी भरलेली खोली, हे सर्व आज आपणांस ठाऊक आहे ते बरेचसे तिच्या आठवणींमुळे. भाऊ जगभर प्रसिद्ध झाला, बहीण खोलीबाहेर पडली नाही; आडनाव दोघांचे एकच. कॅरी हे नाव मुलीस शोभते काय, असे जो विचारील त्यास आम्ही या बाईकडे बोट दाखवू.

पुढील वर्षांचे वृत्त थोडक्यात सांगतो. १८१८ साली श्रीरामपूर कॉलेज उघडले. १८२० साली कलकत्त्यास शेती व बागाईत सुधारण्यासाठी त्यांनी एक मंडळ स्थापिले. जिवंत विधवेस चितेवर जाळण्याची चाल त्यांनी १७९९ साली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तिच्याविरुद्ध ते सतत झगडत आले होते. डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने ती बंद केली, तेव्हा त्या हुकुमाचे बंगाली भाषांतर करण्याचे काम त्यांच्याकडे आले. तो दिवस रविवार होता. उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपवून ते भाषांतरास बसले, कारण एका दिवसाच्या उशिरानेही कोणा बाईचा जीव जाईल, हे त्यांस ठाऊक होते. बायबलाचे सर्व किंवा काही भाग त्यांच्या देखरेखीखाली सुमारे ४० भाषांत निघाले.

गव्हर्नर जनरलच्या घरच्या एका मेजवानीची गोष्ट सांगतात. एका लष्करी अधिकाऱ्याने, कॅरी पूर्वी जोडे बनवीत होते ना, असे ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्यास विचारिले. कॅरी यांनीच त्याची चूक दुरुस्त केली. आपण जोडे बनविणारे नव्हतो, फाटके जोडे नीट करून देणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. कातड्याच्या कामास आणि ते करणाऱ्या हातांस जेथे आजही कमी लेखतात, तेथे ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. ज्या हातांनी फाटके जोडे शिवले, त्याच हातांनी आपल्या भाषेचा शब्दकोश लिहिला.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरास त्यांचे देहावसान झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळात ते एकदाही मायदेशी परत गेले नाहीत. थडग्यावर आपले नाव, जन्ममृत्यूचे साल व एका गीताच्या दोन ओळी यांखेरीज काही लिहू नये, असे त्यांनी सांगून ठेविले होते. स्तुतीचा एक शब्दही नको, ही त्यांची अट. त्यांचे नाव मात्र एका अनपेक्षित ठिकाणी राहिले आहे. त्यांचे स्नेही वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी झाडांच्या एका जातीस त्यांच्या सन्मानार्थ कॅरिया असे शास्त्रीय नाव दिले. ज्यास आपण कुंभा म्हणतो तो वृक्ष त्याच जातीचा. आपल्या महाराष्ट्राच्या रानांत पानगळ झाल्यावर ऐन उन्हाळ्यात त्याला मोठी फुले येतात. मराठी माणसाने त्याला आपले नाव दिले, विद्वानांनी दुसरे दिले, आणि झाड दोन्ही नावांनी उभे आहे.

आमच्या उपदेशक बंधूंस आता उत्तर सोपे आहे. कॅरी हे नाव मुलासही चालेल, मुलीसही चालेल. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नावापुढे मुलगा की मुलगी हे स्पष्ट लिहावे, आणि शाळेत दाखल करिताना कच्या डोक्यावर चंद्र दिला आहे की नाही हे पाहावे, नाहीतर मास्तर आजीबाईंच्याच बाजूचे होतील. परंतु हे नाव इंग्रजी आहे म्हणून ते अधिक ख्रिस्ती, असे कोणी समजू नये. तसे समजणे हे त्या मनुष्याच्याच मताविरुद्ध होईल. आजीने मनात धरिलेले नाव घरात चालू द्यावे. कृष्ण पालास ज्याने कृष्ण पालच राहू दिले, तो आजीच्या नावास कधी हरकत घेता ना. आणि बापाचा आग्रहच असेल तर नाव खुशाल ठेवावे. मात्र लेकरू समजते झाले म्हणजे आरी, राख, पुन्हा ओतलेले खिळे आणि खाटेवरून लिहिणारी ती बहीण, ही सारी हकीकत त्यास सांगावी. आजीबाईंनाही ती वाचून दाखवावी. त्यानंतरही त्या लेकराला कैरीच म्हणतील, तर म्हणू द्यावे. कैरी पाडाला लागली की तिचा आंबा होतो.